डावा खांदा अर्धा इंच खाली

टीका कशी करावी, हे मास्तरांकडून शिकावं! हे मत अर्थात मास्तरांचं स्वतःचं होतं. इतरांचं मत थोडं वेगळं होतं, पण ते मास्तरांच्या कानावर घालायची कुणाची छाती झाली नव्हती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. तीस वर्षं एकाच रस्त्यावर एकच दुकान, मागच्या बाजूला घर, आणि गळ्यात टेप. तो टेप आंघोळीपुरता उतरत असे. हात इतका सफाईदार की त्यांनी शिवलेली पँट फाटायची नाही, माणूसच जुना व्हायचा. तक्रार होती ती फक्त तोंडाबद्दल.

"नुसती नावं कुणीही ठेवतं," मास्तर गिऱ्हाईकाच्या कमरेचं माप घेता घेता सांगत. "त्यानं माणूस दुखावतो. सुधारत नाही. मी काय करतो? आधी एक चांगली गोष्ट सांगतो. मग चुका सांगतो, ओळीनं, कारणासकट. आणि शेवटी पुन्हा एक चांगली गोष्ट! माणूस हसत हसत घरी जातो."

आता, हसत हसत घरी गेलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता. न्हाव्याला त्यांनी दाढी चालू असताना वस्तरा कसा धरावा हे सांगितलं होतं आणि हनुवटीवर खूण घेऊन परत आले होते. दाताच्या डॉक्टरला तर तोंड उघडं असताना, बोलता येईना म्हणून, हातवारे करून तीन सूचना केल्या होत्या! मेव्हणीनं हौसेनं विणलेला स्वेटर दाखवला, तेव्हा "लोकर चांगली आहे" इथून जी सुरुवात झाली ती अर्ध्या तासानं "बटणंही चांगली आहेत" इथे येऊन थांबली. मेव्हणीनं तो स्वेटर तिथल्या तिथे पायपुसणं म्हणून टाकला. मास्तरांनी पायपुसण्याच्या कडांबद्दलही दोन शब्द सांगितले.

पण सगळ्यात गाजलं ते शिवणक्लासचं प्रकरण. चार वर्षांपूर्वी क्लासच्या बाईंनी मोठ्या मानानं त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं. मास्तरांनी एकेका विद्यार्थ्याला समोर उभं करून विधायक मार्गदर्शन केलं. दुसऱ्या दिवशी तीन जण क्लास सोडून टायपिंग शिकायला गेले! तेव्हापासून बाई परीक्षक म्हणून बोलवत होत्या ते रस्त्याच्या पलीकडच्या टेलरना. या टेलरचं नाव मास्तरांच्या घरात कुणी घेत नसे. त्यांना सगळे 'समोरचे' म्हणत.

आणि याच शिवणक्लासात मास्तरांची एकुलती एक लेक जात होती. वय बावीस, पण घरात अजून छकुलीच. शिवणं तिच्या बोटांतच होतं, पण वर्षभरात तिनं बापाला रुमालाची कडसुद्धा दाखवली नव्हती. दहा वर्षांची असताना तिनं बाहुलीचा फ्रॉक शिवून मोठ्या आनंदानं बाबांपुढे धरला होता. बाबांनी चष्मा लावला, "रंग छान निवडलास" म्हणाले आणि सात चुका काढल्या. त्यानंतर तिनं काही दाखवलं नाही. मास्तर लोकांना अभिमानानं सांगत, "माझी लेक फार लाजाळू आहे!"

तर त्या दिवशी सकाळी मास्तरांची बायको म्हणाली, "अहो, आज पाच वाजता मोकळे राहा. छकुलीची शेवटची परीक्षा आहे क्लासमध्ये. तुम्हाला यायचंय."

मास्तरांची मान एकदम ताठ झाली. "मला बोलावलंय?"

"बोलावलंय, पण बोलायला नाही. नुसतं उभं राहायला."

"म्हणजे पाहुणा म्हणून!"

"काहीही समजा, पण वेळेवर चला. पास झाली तर बाई तिचं नाव त्या मोठ्या शिवणकारखान्यात देणार आहेत, कटिंगच्या टेबलावर. आज कपडा दाखवला नाही तर एक वर्ष पुढे."

मास्तरांनी मान डोलावली आणि कापडवाल्याकडे गेले. तिथे त्याला कापडाचे तागे कसे रचावेत हे समजावून साडेबाराला परत आले, तेव्हा बायको बाजारात गेली होती, दुकानाचं दार अर्धं ओढलेलं होतं आणि आतल्या खुंटीला एक कोट लटकत होता. करड्या रंगाचा, नवा कोरा.

हा कोट मास्तरांचा नव्हता. त्यांच्या हातचा तर नव्हताच नव्हता. खिशाला टाचणीनं एक चिठ्ठी लावली होती: १४. बस्स!

मास्तर कपड्यांवर खडूनं खूण करत. कागदाचे नंबर टाचणारा त्या रस्त्यावर एकच माणूस होता.

"समोरचे!" मास्तर एकटेच मोठ्यानं म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला की ते आधी पाणी प्यायले. समोरच्यांचं गिऱ्हाईक वैतागून दुरुस्तीला आपल्याकडे आलं! आपण नव्हतो म्हणून बायकोकडे कोट देऊन गेलं! तीस वर्षं दुकान चालवल्याचं सार्थक झालं!

त्यांनी कोट टेबलावर पसरला, चष्मा लावला, खडू घेतला. आणि काय सांगावं, चुकाच चुका! डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. फुली! उजवी बाही डावीपेक्षा लांब. फुली! पाठीत कापड फुगलेलं, जणू आत कुणी उशी ठेवणार आहे. फुली! कॉलर पुढे झुकलेली. फुली! आणि पोटाचा घेर? त्या घेरात मास्तरांना एक अख्खा माणूस आणि वर त्याचं जेवण मावेल असं वाटलं. मोठी फुली!

आता शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मास्तरांची एक पद्धत होती. बाही उसवून मुंढा, म्हणजे बाहीचा खांद्याशी जोड, आतून बघितल्याशिवाय कारागीर कळत नाही, असं ते म्हणत. त्यांनी ब्लेड घेतलं आणि उजवी बाही सर्रकन काढली. मग कॉलरही अर्धी उसवली. आतलं काम बघून मात्र त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. टाके बारीक होते, एकसारखे, अगदी हळुवार हातानं घातलेले. 'हात चांगला आहे याचा,' त्यांच्या मनात आलं, 'नजर तेवढी नाही.' चला, सुरुवातीला सांगायला एक चांगली गोष्ट मिळाली!

एका हातावर कोट आणि दुसऱ्या हातात सुटलेली बाही घेऊन मास्तर रस्ता ओलांडून गेले.

समोरच्यांच्या दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. मास्तरांना तेच हवं होतं. चांगला सल्ला चार लोकांनी ऐकला तर वाया जात नाही.

"राग मानू नका," मास्तरांनी गोड आवाजात सुरुवात केली, "पण आपण एकाच धंद्यातली माणसं. एकमेकांना सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं? हा तुमचा कोट."

समोरच्यांनी कोट बघितला. चिठ्ठी बघितली. "हा माझा कोट नाही, मास्तर."

"अहो, लाजता कशाला! चूक कुणाची होत नाही?"

"माझा नाही हो."

"कबूल करायला कमीपणा वाटतो, समजतं मला. मी काही गावभर करणार नाही," मास्तर दोन्ही गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

समोरच्यांनी चिठ्ठी पुन्हा निरखली. मग मास्तरांकडे पाहिलं. डाव्या खांद्याकडे, उजव्या हाताकडे, मग जरा खाली, पोटाकडे. त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"बरं," ते म्हणाले. "घटकाभर माझाच समजा. सांगा."

आणि मास्तरांनी सांगितलं! टाक्यांचं कौतुक केलं आणि मग सुटले. "हा खांदा बघा. कोट माणसासाठी शिवलाय की मोडक्या खुंटीसाठी? ही बाही! या माणसाचा एक हात गुडघ्यापर्यंत येतो का? पाठ बघा, पोक काढलेल्या म्हाताऱ्यासारखी! आणि हे पोट! राग मानू नका, पण असा माणूस जन्माला यायचाय अजून!"

एक गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. समोरचे म्हणाले, "मास्तर, जरा पाठ करून उभे राहता का?"

मास्तर आनंदानं वळले. त्यांना वाटलं, हा माणूस खरंच शिकतोय! "हं, आता पुढून," समोरचे म्हणाले. मास्तर पुन्हा वळले. दुसरं गिऱ्हाईक खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळालं.

"तुम्ही सांगितलेलं मी विसरणार नाही," समोरचे मिशांवर हात ठेवून म्हणाले. "पण खरंच सांगतो, मास्तर. ही चिठ्ठी शिवणक्लासची आहे. आज पाच वाजता मी तिथे परीक्षक आहे. चौदा नंबरचा कोट मलाच तपासायचाय."

"असं होय!" मास्तर जराही डगमगले नाहीत. "मग तर बरंच झालं! तुमचं अर्धं काम मी केलं. चौदा नंबरला माझ्यातर्फे सांगा, बटणांची काजं उत्तम आहेत. शेवटी चांगलं सांगायचं असतं."

आणि छाती काढून ते निघाले. रस्ता वीस पावलांचा. दहा पावलं मोठ्या ऐटीत गेली. अकराव्या पावलाला मनात एक साधा प्रश्न आला: क्लासचा कोट आपल्या दुकानात कसा आला? बाराव्या पावलाला उत्तर आलं. मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवली, शिवी दिली, वळसा घालून गेला. मास्तरांना काहीच ऐकू आलं नाही.

दुकानात छकुली उभी होती. मोठी इस्त्री तापत ठेवली होती. शेवटची इस्त्री करायला ती आली होती आणि रिकामी खुंटी बघत होती. मग तिनं बापाच्या एका हातावरचा कोट बघितला. दुसऱ्या हातातली बाही बघितली. पाच फुल्या बघितल्या.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं! रडली असती तरी चाललं असतं. पण तिनं नुसतं इस्त्रीचं बटण बंद केलं.

"मी... म्हणजे..." मास्तरांनी बाही पाठीमागे लपवली. "मला वाटलं, समोरच्यांचा आहे."

"हं."

"मी त्यांच्याकडे गेलो होतो. दाखवायला."

"परीक्षकांना?"

तेवढ्यात बायको पिशवी घेऊन आत आली, एका नजरेत सगळं बघितलं आणि पिशवी खाली टाकली.

"अहो, काय केलंत हे! महिना लागला पोरीला त्या कोटाला!"

"पण डावा खांदा अर्धा इंच..." ही तीस वर्षांची सवय बोलली, मास्तर नव्हते बोलले. पण बोलून गेले खरे.

"अर्धा इंच खालीच आहे तुमचा खांदा!" बायको म्हणाली. "तीस वर्षं मशीनवर वाकून झालाय! आणि उजवा हात कात्री ओढून ओढून लांबलाय! त्या आरशात बघितलंय कधी स्वतःला? गिऱ्हाइकं बघतात तेवढीच! तुमच्या मापाचा कोट आहे तो!"

मास्तर आरशाकडे वळले. आरशात एक पोक काढलेला माणूस होता. त्याची मान पुढे झुकलेली होती, डावा खांदा खाली, एक हात लांब आणि पोट... असा माणूस जन्माला आलेला होता. चांगली अठ्ठावन्न वर्षं झाली होती त्याला.

"कुणाच्या तरी मापाचा कोट शिवायचा आणि परीक्षेत त्याच्या अंगावर घालून दाखवायचा, असा नियम आहे," बायकोचा आवाज आता खाली आला. "मी म्हटलं, काकांना विचार, मामांना विचार, सरळ अंगाची माणसं आहेत. तर म्हणाली, बाबांनी गावाला कोट शिवले, स्वतःला एक नाही शिवला."

"माप कधी घेतलंस?" मास्तरांनी लेकीला विचारलं.

"तुम्ही मशीनवर असताना. मागून."

मास्तरांना आठवलं. गेले दोन महिने पोरगी अधूनमधून मागे येऊन उभी राहायची. पाठीवर हात ठेवायची, खांद्यावरचे दोरे झटकायची. त्यांनी बायकोला कौतुकानं सांगितलंही होतं की लेकीला आताशा माझी फार माया येते! आता त्यांना इतकी लाज वाटली की मशीनच्या खाली जाऊन बसावंसं वाटलं. तिथेही पोट मावलं नसतं.

"सुईदोरा दे इकडे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "दहा मिनिटांत बाही लावतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"नको," छकुली म्हणाली. "स्वतःच्या हातानं शिवायचं असतं, बाबा. तुम्ही फक्त उभे राहा."

दीड वाजला होता. मास्तर दुकानाच्या मध्यभागी उभे राहिले. छकुलीनं त्यांच्या अंगावर कोट चढवला, तोंडात टाचण्या धरल्या आणि बाही लावायला घेतली. एकदा मास्तर म्हणाले, "तो मुंढा जरा..." छकुलीनं वर बघितलं. मास्तर गप्प झाले. त्यानंतर कोट मशीनवर गेला, पुन्हा अंगावर आला, पुन्हा मशीनवर गेला. कॉलर झाली. पाच फुल्या तिनं ब्रशनं एकेक करून झटकल्या. झटकताना ती जरा जोरातच झटकत होती, विशेषतः पोटावरची. मास्तरांनी हूं की चूं केलं नाही. तीन तास तोंड बंद ठेवण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि त्यांना जबडा दुखायला लागला होता.

पाचला पाच कमी असताना तिघं क्लासमध्ये पोचले. बाकांवर विद्यार्थी होते, भिंतीशी त्यांचे आईबाप होते, पुढे टेबलाशी क्लासच्या बाई. आणि त्यांच्या शेजारी, हातात कागद आणि पेन घेऊन, समोरचे! बाईंनी मास्तरांना पाहिलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलांना मागे सरकवलं.

"चौदा नंबर!"

मास्तर लाकडी चौरंगावर चढले. समोर चाळीस डोळे होते आणि त्यांतले दोन त्या माणसाचे, ज्याच्यापुढे दुपारी आपण या अंगाचा पंचनामा केला होता! मास्तरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आणि मग लाजेनं त्यांच्याकडून नको ते झालं. त्यांनी श्वास घेतला, पोट आत ओढलं, मान ताठ केली, डावा खांदा वर उचलला आणि एखाद्या शिपायासारखे ताठ उभे राहिले!

कोटाला बिचाऱ्याला हा माणूस ओळखूच येईना. पाठीत कापडाचा फुगा आला. डाव्या खांद्यावर चुणी पडली. पुढच्या घेरात तर वारा खेळायला लागला.

समोरच्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, भोवती एक फेरी मारली. टेप लावला. कागदावर काहीतरी लिहिलं, मग पुन्हा लिहिलं. क्लासमध्ये कुजबुज सुरू झाली. छकुली पांढरीफटक पडली. मास्तरांना मात्र वाटत होतं, आपण लेकीची लाज राखतोय! श्वास कोंडून त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला होता.

छकुली चौरंगाजवळ आली. "बाबा," ती दातांतल्या दातांत म्हणाली, "पोट सोडा."

"सगळे बघताहेत," मास्तर ओठ न हलवता म्हणाले.

"बघू दे. मी तुमच्यासाठी शिवलाय. या माणसासाठी नाही."

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत दुपारपासून अडवलेलं पाणी आता काठावर आलं होतं. परीक्षा, कारखाना, वर्ष, सगळं त्यांच्या एका श्वासावर टांगलेलं होतं, आणि तो श्वास ते स्वतःच्या ऐटीसाठी धरून बसले होते! दुपारपेक्षा जास्त लाज त्यांना या क्षणी वाटली.

त्यांनी पोट सोडलं.

आधी पोट आलं. मग मान पुढे आली, पाठ वाकली, खांदा अर्धा इंच खाली उतरला आणि उजवा हात सुटून नेहमीच्या जागी लोंबला. आणि कोट बसला! एक चुणी नाही की कुठे ओढ नाही. दोन्ही बाह्या मनगटाशी बरोबर येऊन थांबल्या. खांदे सरळ दिसत होते, पाठ सरळ दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा मास्तर नीट उभे असल्यासारखे दिसत होते, आणि तेही काही न करता!

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अरे वा!"

समोरच्यांनी आधीचं लिहिलेलं सगळं खोडलं. खांदा हातानं चाचपला, बाहीचा मुंढा बघितला, बराच वेळ बघितला. मग बाईंना म्हणाले, "बाई, मी तीस वर्षांत पोक झाकणारा असा कोट शिवला नाही. यात मला काही सांगायचं नाही." आणि मास्तरांकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "तुम्हाला काही सूचना करायच्यात का, मास्तर?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. छकुली जमिनीकडे बघत होती. मास्तरांनी घसा साफ केला.

"एकच," ते म्हणाले. "माप घेताना माणसाला सांगू नका. सांगितलं की तो पोट आत घेतो."

मुलांनी हे वहीत उतरवून घेतलं! मास्तरांनी दिलेला सल्ला कुणी लिहून घेण्याची ही पहिलीच वेळ. पण मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. छकुलीनं त्यांना हात धरून चौरंगावरून उतरवलं आणि हात लगेच सोडला. दुपारचा राग अजून पुरता गेलेला नव्हता, आणि तो जायला बरेच दिवस लागले. पण उतरता उतरता तिनं त्यांच्या खांद्यावरचा एक दोरा झटकला.

छकुली पहिली आली आणि कारखान्यात कटिंगच्या टेबलावर लागली. मास्तर आता तो कोट घालूनच दुकानात बसतात, उन्हाळा असो की काही असो. घामानं भिजतात पण काढत नाहीत. न्हाव्याला सूचना देणं त्यांनी बंद केलंय, असं मात्र समजू नका. पण कोट कुणी शिवला असं कुणी विचारलं की त्यांची छाती फुगते. "लेकीनं!" ते म्हणतात. आणि विचारणारा माणूस जरा मान वाकडी करून कोट निरखायला लागला, की मास्तर घाईघाईनं पुढे होतात:

"खांदा माझा आहे हो! कोटाचा नाही!"